नावडीचे फर्मान

‘आवडीनिवडीवरून भांडू नये’ असे आपण मुलांना शिकवतो आणि स्वतः मात्र सर्वांत कडाक्याने भांडतो ते आवडीनिवडीवरूनच. शेताच्या बांधाचा तंटा मोजणीदार आला की मिटतो. निवडणुकीचा धुरळा निकालानंतर खाली बसतो. परंतु कवितेला वृत्त हवे की मुक्तछंद, लग्नाच्या वरातीत पितळी बँड हवा की ध्वनिक्षेपकांची भिंत, गायनवृंदाच्या साथीला पेटी हवी की कीबोर्ड, या तंट्यांना मोजणीदार नाही. म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या चालतात, आणि चालता चालता त्यांत असे काही मिसळत जाते की मूळ वाद कशाचा होता याचाच उभय पक्षांना विसर पडतो.

या वादांत तीन निराळी विधाने एका दमात केली जातात. ‘मला हे आवडत नाही’ हे पहिले. ते बोलणाऱ्याविषयीचे असल्याने त्याला पुरावा लागत नाही आणि त्याचे खंडनही संभवत नाही. ‘यात अमुक उणीव आहे’ हे दुसरे. ते वस्तूविषयीचे, ते तपासता येते, खरे वा खोटे ठरवता येते. ‘हे असता कामा नये’ हे तिसरे, आणि ते ना बोलणाऱ्याविषयी आहे, ना वस्तूविषयी. ते इतर माणसांविषयी आहे. पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी घ्यावयाची आणि मधली पायरी आपण रीतसर चढून आलो असा आव आणावयाचा, ही आपल्या सांस्कृतिक चर्चांची जुनी खोड आहे. प्रस्तुत लेख त्या खोडीविरुद्ध आहे.

उदाहरण आजच्या वादाचे घेतले तर वाचक आधीच कोणत्या ना कोणत्या गोटात बसलेला असेल आणि माझे म्हणणे त्या गोटाच्या खिडकीतून ऐकेल. म्हणून एक जुने प्रकरण घेतो. त्यातले बहुतेक वादी-प्रतिवादी काळाच्या पडद्याआड गेले आहेत, निकाल लागला आहे, तो फिरलाही आहे. हे प्रकरण बाजाच्या पेटीचे आहे.

पेटी मूळची आपली नव्हे. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबें या कारागिराने हार्मोनियम सिद्ध केले. नळ्यांचा भव्य ऑर्गन ज्यांना परवडत नसे अशा लहान चर्चसाठी आणि मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यांसाठी ते सोयीचे वाद्य होते. मिशनऱ्यांच्या व गोऱ्या अंमलदारांच्या सामानातून ते हिंदुस्थानात आले. तेव्हा ते खुर्चीवर बसून, पायांनी भाता हलवून, दोन्ही हातांनी वाजवावयाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याचे पाय काढून टाकले, भाता पाठीमागे नेला आणि ते जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या मांडीपुढे आणून ठेवले. एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर. एवढ्या बदलाने परका पाहुणा घरचा झाला. भजनी मंडळात, कीर्तनात, तमाशात, शाळेच्या प्रार्थनेत आणि विशेषतः मराठी संगीत रंगभूमीवर पेटीने आपले बस्तान बसवले. ज्यांनी ‘मानापमान’ला १९११ साली चाली दिल्या ते गोविंदराव टेंबे मूळचे पेटीवादक होते, एवढे सांगितले तरी महाराष्ट्रातील तिच्या स्थानाची कल्पना यावी.

आता आक्षेप पाहू, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी पाहू. कारण प्रतिपक्षाचे म्हणणे लुळे करून मांडावयाचे आणि मग त्याला धक्का मारून पाडावयाचे, हा चर्चेतला पुरुषार्थ नव्हे.

पेटीची पट्टी दाबली की स्वर उमटतो आणि सोडली की थांबतो. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत, मधली जागा न तोडता जाणे तिला शक्य नाही. म्हणजे मींड गेली. दरबारीतला कोमल गांधार ज्या आंदोलनाने दरबारीचा होतो ते आंदोलन गेले. ज्या संगीताचा प्राणच दोन स्वरांमधल्या प्रवासात आहे त्याच्या साथीला केवळ मुक्कामांची यादी जाणणारे वाद्य बसवणे ही मोठीच विसंगती होय. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. पाश्चात्त्य पद्धतीत सप्तकाचे बारा समान भाग करतात. मोजमापासाठी सप्तकाचे १२०० भाग कल्पिले, ज्यांना सेंट म्हणतात, तर प्रत्येक पट्टी पुढच्या पट्टीपासून नेमकी १०० सेंटवर येते. मात्र निसर्ग असा समान वाटणी करणारा नाही. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो. पेटीचा गांधार ४०० वर. म्हणजे तब्बल १४ सेंट चढा. पंचमात हा फरक जेमतेम २ सेंटचा असल्याने तो कोणाला टोचत नाही. शुद्ध धैवतात तो १६ च्या घरात जातो. ज्याचा कान तंबोऱ्यावर घडला आहे त्याला पेटीचा गांधार तंबोऱ्याशेजारी ऐकताना खडा चावल्यासारखे होते, आणि ते होणे हा त्याचा तोरा नसून ती वस्तुस्थिती आहे.

हा आक्षेप निव्वळ पुस्तकी नव्हता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि क्लेमंट्स या सनदी इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची पेटी घडवून आणली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत त्या पेटीवरून खडाजंगी झाली. तो प्रयोग रुजला नाही. तरीही माझ्या मते तो या सबंध प्रकरणातला सर्वांत सुसंस्कृत प्रसंग होय. एकाने उणीव दाखवली, दुसऱ्याने ती दूर करू पाहिली, तिसऱ्याने ती दूर झाली नाही असे कानांनी पटवून दिले. तिघेही वस्तूविषयी बोलत होते. कोणाच्या तोंडी बहिष्काराची भाषा नव्हती.

ती भाषा पुढे आली, आणि कोठून आली ते पाहण्यासारखे आहे. आनंद कुमारस्वामींनी शतकाच्या आरंभीच पेटीवर झोड उठवली होती. दिल्लीच्या नभोवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी वाद्याच्या नावावर कोटी केली: हार्मोनियमच्या नावातच ‘हार्म’ आहे, म्हणजे इजा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी आपल्या आश्रमातून पेटी केव्हाच हद्दपार केली होती. १९४० च्या जानेवारीत त्यांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून, ही पेटी नभोवाणीवरून नाहीशी करता आली तर भारतीय संगीताची मोठी सेवा घडेल, अशा आशयाचे मत कळवले. आणि १९४० च्या मार्च महिन्यात, लायोनेल फील्डन हे इंग्रज गृहस्थ ऑल इंडिया रेडिओचे प्रमुख असताना, पेटीला सर्व केंद्रांवरून बंदी झाली.

टागोर थोर होते, फोल्ड्स जाणकार होते, फील्डन प्रामाणिक होते. त्यांचा आक्षेपही, वर सांगितल्याप्रमाणे, बराचसा खरा होता. तर मग चुकले काय?

चुकले ते हे की १४ सेंटांच्या आक्षेपावर शंभर टक्क्यांची शिक्षा ठोठावली गेली. जो गांधार दरबारीत खटकतो तो भजनात खटकतो का? ख्यालाच्या साथीला जे उणे पडते ते भावगीताच्या साथीला उणे पडतेच असे नाही. विलंबित आलापात पेटीने गप्प राहावे हे रास्त. द्रुत तानांत तिचा स्वच्छ, तुटक स्वर हीच तिची शोभा आहे. एवढ्या छटा डोळ्यांसमोर असताना फर्मान मात्र एकरंगी निघाले. फर्मानाचा स्वभावच तसा असतो. छटा ओळखणे हे त्याचे काम नव्हे. म्हणून तर छटा ज्यांना कळतात त्यांनी फर्मान काढण्याची घाई करू नये.

दुसरे असे की एकदा बंदीचे समर्थन करावयाचे ठरले म्हणजे हाती लागेल ते कारण पुढे केले जाते. ‘पेटी परदेशी आहे’ हे असेच एक कारण. ते टिकणारे नव्हते, कारण व्हायोलिनही परदेशीच होते. ते दक्षिणेत दीडशे वर्षांपूर्वीच मुरले होते, आणि उत्तरेकडे गजाननबुवा जोशी व वि. गो. जोग यांच्यासारख्यांनी त्यावर सबंध रागदारी उभी केली. व्हायोलिनला कोणी अडवले नाही, कारण त्यावर मींड निघते. म्हणजे खरे कारण मींड होते, परकेपणा नव्हे. तरीही परकेपणाची ढाल शेवटपर्यंत पुढे केली गेली, कारण ती डोळे भरून आणते. हिंदी संगीताच्या शुद्धतेचे हे रक्षण, निदान फर्मानापुरते, एका इंग्रज अधिकाऱ्याच्या अमलात झाले, यातला विनोद त्या काळी कितपत कोणाच्या ध्यानात आला कोण जाणे.

बंदी सैल झाली ती १९७१ च्या सुमारास, आणि तीही अर्धीच. निवडक श्रेणीच्या कलावंतांना साथीला पेटी घेता येऊ लागली; पेटीचे स्वतंत्र वादन त्या सवलतीत नव्हते. तीस वर्षे ही संख्या कागदावर लहान दिसते. १९४० साली ऐन विशीत असलेला वादक १९७१ साली पन्नाशी ओलांडून गेला होता. ज्या काळात नभोवाणी हाच शास्त्रीय संगीताचा सर्वांत मोठा आश्रयदाता होता, संस्थानिक गेले होते आणि नाटक मंडळ्या बुडाल्या होत्या, त्या काळात सबंध एका पिढीच्या हातातल्या कसबाला सरकारी केंद्राचे दार बंद राहिले. या माणसांचा अपराध काय होता? त्यांच्या वाद्याचा गांधार चढा होता.

येथे दुसऱ्या बाजूची एक नोंद करणे न्यायाचे आहे. पेटीच्या सुळसुळाटात सारंगी मरत होती. पस्तीसच्या आसपास तरफांचे ते वाद्य जुळवण्यातच वेळ जाई. पेटी उघडली की तयार. शिवाय सारंगीला कोठीचा कलंक चिकटलेला होता, त्यामुळे ‘सभ्य’ घरांना पेटी बरी वाटे. नभोवाणीवर पेटी नव्हती म्हणून सारंगियांना केंद्रांवर काम मिळाले, आणि त्यांची कला काही काळ तरी तगली. हे खरे आहे, आणि बंदीच्या विरोधकांनी ते नाकारू नये. परंतु सारंगियांना मानधन, शिष्यवृत्ती आणि मान देऊन सारंगी जगवता आली नसती का? एकाला पोसण्यासाठी दुसऱ्याचे ताट ओढणे हा मार्ग सुचतो, याचे कारण तो स्वस्त असतो. पोसण्याला खर्च येतो; ताट ओढायला एक परिपत्रक पुरते.

आणि वस्तूविषयीची नावड वस्तूपाशी थांबत नाही, हा तर या प्रकरणाचा सर्वांत काळा भाग. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे असताना, ज्यांचे खासगी जीवन समाजात बदनाम आहे अशा गायिकांना केंद्रांवर मज्जाव करण्यात आला. रोख कोणावर होता हे सर्वांना ठाऊक होते. ज्या बायकांनी ठुमरी, दादरा आणि कितीतरी दुर्मीळ बंदिशी जिवापाड जपल्या त्यांच्यावरच तो होता. ठुमरी राहिली, तवायफ गेली. आधी ‘हे वाद्य नको’, मग ‘ही बाई नको’. नावड एकदा अधिकारपदावर बसली की तिला वाद्य आणि वाजवणारा, गाणे आणि गाणारी यांतला फरक दिसेनासा होतो. ख्रिस्ती वाचकाला तरी हा फरक शिकवण्याची गरज नसावी.

यानंतरचा अध्याय एका मराठी माणसाच्या नावावर आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि दहा वर्षे त्या पदावर राहिले. केसकर विद्वान होते, शास्त्रीय संगीताचे चाहते होते आणि त्यांनी त्या संगीतासाठी जे केले त्याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, रेडिओ संगीत संमेलने, वाद्यवृंद ही त्यांच्या कारकिर्दीची फळे. घरात तंबोरा नसलेल्या लक्षावधी श्रोत्यांनी मोठमोठे गवई ऐकले ते या कार्यक्रमांमुळे. परंतु एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. चित्रपटगीते त्यांना उथळ आणि परक्या चालींनी बाटलेली वाटत. आधी त्यांचे प्रमाण आवळले गेले, मग निर्मात्यांशी बिनसले, आणि चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले.

पुढे काय झाले हे आजच्या आजी-आजोबांना विचारावे. लोकांनी सुई फिरवली आणि कोलंबो लावले. १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, अमीन सयानींचा आवाज घराघरांत पोचला, आणि दर बुधवारी रात्री हिंदुस्थान आपलीच गाणी परदेशी केंद्रावरून ऐकू लागला. अभिरुची उंचावण्याच्या फर्मानाने अभिरुची इंचभर उंचावली नाही. श्रोते मात्र समुद्रापार गेले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला ती गाणी सन्मानाने घरी आणावी लागली.

याच मधल्या काळात, याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर, १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले. आठवड्याला एक नवे गीत, अशी एकूण छप्पन्न गीते. ती कोणी लिहिली? ग. दि. माडगूळकरांनी. कोणी स्वरबद्ध केली? सुधीर फडक्यांनी. आणि हे दोघे कोठून आले होते? चित्रपटसृष्टीतून! ज्या प्रतिभेचे एक रूप दारातून बाहेर घालवले होते तीच प्रतिभा दुसऱ्या रूपात त्याच दारातून आत आली, आणि मराठी घरांनी रेडिओभोवती गोळा होऊन ती ऐकली. ‘चित्रपटवाले उथळ’ असा सरसकट निकाल ज्यांनी दिला होता त्यांनी हा पुरावा कोठे ठेवला असेल? चांगल्या अभिरुचीचा प्रसार करावयाचा तर तो असा होतो. काहीतरी उत्तम निर्माण करून लोकांपुढे ठेवावे लागते. दार लावून कोणाची अभिरुची आजवर सुधारलेली नाही.

हे सारे सरकारचे झाले; आपल्या घरातले काय? तेही पाहू. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी उपासना-संगीतासंबंधी जे पत्रक काढले त्यात चर्चमध्ये पियानो निषिद्ध ठरवला, आणि ढोल, झांजा, घंटा अशा गलबल्याच्या वा उच्छृंखल वाद्यांनाही मनाई केली. त्यांची तक्रार निराधार नव्हती. इटलीतील चर्चमधून त्या काळी ऑपेरातील नाटकी गाण्यांचा धुमाकूळ चालला होता, आणि मिस्सा ऐकतो आहोत की नाटक, असा प्रश्न भाविकाला पडावा अशी स्थिती होती. रोग रोमचा होता, पण औषध साऱ्या जगाला लागू झाले. जेथे ढोल हा नाटकाचा नव्हे, प्रार्थनेचा सोबती होता त्या आफ्रिकेतही, आणि जेथे टाळ-मृदंगाशिवाय देवाचे नाव घेण्याची रीत नव्हती त्या आपल्या देशातही.

त्यानंतर साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील आपला दस्तऐवज संमत केला. त्यात ऑर्गनचा मान कायम राखला. मात्र विविध समाजांच्या संगीतपरंपरांना योग्य महत्त्व द्यावे असेही सांगितले, आणि इतर वाद्ये पवित्र उपयोगासाठी योग्य असतील किंवा योग्य करून घेता येतील तर स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने ती स्वीकारता येतील असा मार्ग मोकळा केला. ‘योग्य करून घेता येतील तर’ या चार-पाच शब्दांवर वाचकांनी क्षणभर थांबावे. ज्याने हे शब्द घातले त्याला वाद्य आणि त्याचा वापर यांतला भेद कळला होता. ढोल उच्छृंखल नसतो. उच्छृंखल असतो तो वाजवण्याचा ढंग, आणि ढंग बदलता येतो. अशा रीतीने युरोपातील लहान चर्चसाठी जन्मलेली पेटी, पाय गमावून, भजनात मुरून, मराठी वेष घेऊन आपल्या उपासनेत परत आली.

आता आपल्या आजच्या तंट्यांकडे वळतो. पेटीला ज्यांनी घरचे मानले त्याच पिढीतली काही मंडळी आज कीबोर्डविषयी अक्षरशः तेच बोलत आहेत: ते परके आहे, कृत्रिम आहे, त्याने गांभीर्य जाते. त्यांच्या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. तयार तालाची कळ दाबून ठेवली की गायनवृंदाने श्वास कोठे घ्यावा हे यंत्र ठरवू लागते, आणि स्तोत्राच्या अर्थाप्रमाणे लय सैल-घट्ट करण्याची मोकळीक उरत नाही. हा खरा, तपासता येण्याजोगा दोष आहे. मग तो तसाच सांगावा. ती तालाची कळ बंद ठेवा म्हणावे. तरुण मुलगा ते ऐकेल, कदाचित आनंदाने ऐकेल, कारण ते त्याच्या वाजवण्याविषयीचे बोलणे आहे. परंतु ‘तुमच्या पिढीला भक्तीच कळत नाही’ हे त्याच्या वाजवण्याविषयीचे बोलणे नव्हे. हे ऐकून तो मुलगा कीबोर्ड उचलतो आणि निघून जातो. गायनवृंदात मग ना कीबोर्ड राहतो, ना पेटी वाजवणारा पुढचा माणूस.

दुसऱ्या गोटालाही तितकेच खडसावले पाहिजे. कोणी उणीव दाखवली की ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून पाठ फिरवावयाची, यालाच हल्ली सहिष्णुता म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ही सहिष्णुता नव्हे. हा ऐकण्याचा कंटाळा आहे. १४ सेंटांचा फरक हा कोणाच्या आवडीचा प्रश्न नाही, तो आहे. पेटीच्या कैवाऱ्यांपैकी ज्यांनी प्रत्येक आक्षेपकाला घमेंडखोर ठरवले, त्यांनी पेटीचे रतीभरही भले केले नाही. जो समाज आपल्या आवडीच्या गोष्टीतला दोष ऐकून घेऊ शकत नाही त्याची आवड वाढत नाही, नुसती जुनी होते. आक्षेपकाचे तोंड बंद करणे हेही शेवटी फर्मानच, फक्त ते कार्यालयातून निघत नाही, घोळक्यातून निघते.

पेटीचे भले केले ते वादकांनी, आणि त्यांनी ते आक्षेप मान्य करून केले. मींड निघत नाही ना? मग कणस्वरांनी, पट्ट्यांवरून बोटांच्या हलक्या सरकत्या स्पर्शाने, भात्याच्या कमीजास्त दाबाने तिचा भास कोठवर निर्माण करता येतो, हे त्यांनी शोधले; आणि जेथे भासही निर्माण होत नाही तेथे हात उचलून गायकाला एकटे सोडण्याचा संयम शिकून घेतला. गांधार चढा आहे ना? मग सूर नव्याने लावून घेतले. नागपूरच्या मनोहर चिमोटे यांनी आपल्या सुधारलेल्या वाद्याला ‘संवादिनी’ हे नाव दिले आणि ते स्वतंत्र वादनासाठी उभे केले. डॉ. विद्याधर ओक यांनी, देवलांचा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा हाती घेऊन, बावीस श्रुतींची पेटी तयार केली. आप्पा जळगावकरांची साथ ज्यांनी ऐकली आहे त्यांना, हे वाद्य गाण्याच्या आड येते असे सांगून पाहावे. टागोरांच्या आश्रमातून जी पेटी हद्दपार झाली तिच्यावरच आज बंगालमधील कितीतरी घरांत मुलींना रवींद्रसंगीत शिकवले जाते. आणि त्या मुली टागोरांचा मान राखत नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही.

गोव्यातील बोरी गावी १९३४ साली तुळशीदास बोरकरांचा जन्म झाला. बंदी आली तेव्हा ते पाच वर्षांचे होते. ती सैल झाली तेव्हा पस्तिशी उलटून गेले होते. मधल्या काळात ते मधुकर पेडणेकरांकडे, म्हणजे रसिकांच्या पी. मधुकरांकडे, पेटी शिकले, नाटकांत वाजवत राहिले, गवयांना साथ करत राहिले. २०१६ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली, पेटीवादनाबद्दल. तेव्हा त्यांचे वय ८१ होते.